विश्रामबागच्या बाईंकडनं पोराचं टाइमटेबल करून घेतलं, आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. कापताना जरा जिवावर आलं, पण दोनशे रुपये म्हणजे दोनशे रुपये.

तर पोरगा साडेचौदा वर्षांचा. सातवी झाल्यावर शाळा सोडली, घरी शिकतो, येत्या एप्रिलमध्ये एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालय बोर्डाची, दहावी देणार. मिरजेला गुरुजींकडं गाणं शिकतो आणि ते नुसतं हौसेचं नाही, सकाळचा दीड तास रियाज चुकत नाही. शाळा, येणं-जाणं, क्लास, रियाज हे सगळं बसेना म्हणून शाळा सोडली, एवढंच कारण. सांगलीत गावभागात राहतो आम्ही, तिथं अजून दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "शाळेनं काढलं का हो?" आता मी नुसतं हसते.

घरी शिकतो म्हणजे कोणी समोर बसून शिकवत नाही, खरंच एकटा शिकतो. मी पतसंस्थेत दहा ते सहा. नवरा कुपवाड एमआयडीसीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. घरी सासूबाई असतात, पण त्यांच्या हिशोबात पोरगं पुस्तक मांडीवर घेऊन बसलंय म्हणजे अभ्यास जोरात चाललाय, मग पुस्तकात मोबाइल का असेना. त्यामुळं आमचा प्रश्न शिकवणार कोण हा नव्हताच, समजलं नाही तर तो व्हिडिओ बघतो, मला विचारतो, गुरुजींच्या मुलीला विचारतो, काहीतरी मार्ग काढतो. प्रश्न हा होता की कधी काय करायचं हे ठरवणार कोण आणि ठरलेलं पाळलं जातंय का ते कळणार कसं.

बाईंकडं जायच्या आधी तीन प्रयोग करून पैसे आणि वेळ दोन्ही घालवून झालेत ते पण सांगते, म्हणजे तुम्ही घालवू नका.

पहिला प्रयोग नवऱ्याचा. एक्सेलमध्ये शाळेसारखं टाइमटेबल, चाळीस मिनिटांचे आठ तास, मोबाइलवर घंटा लावलेली, शनिवारी अर्धा दिवस. प्रिंट काढून लॅमिनेशनसुद्धा केलं. नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळेला गॅसवाला आला, मग आजीला बँकेत न्यायचं निघालं, तिथनं जे गडबडलं ते परत जाग्यावर आलंच नाही. लॅमिनेशन केलेल्या कागदाचा तोटा असा की त्यावर खोडता येत नाही. आता तो कागद पोळपाटाखाली असतो.

दुसरा, मारुती रोडवरनं आणलेली साडेतीनशे रुपयांची प्लॅनर डायरी. देखणी होती. रोजचं एक पान, वर इंग्रजीत सुविचार, खाली पाण्याचे आठ ग्लास टिक करायची सोय. पोरानं अभ्यासाचं काही लिहिलं नाही पण पाण्याचे ग्लास मात्र महिनाभर इमानदारीनं टिक केले.

तिसरा सगळ्यात महागाचा, घरी शिकणाऱ्या मुलांसाठीचं एक अ‍ॅप, वर्षाचे २,९९९ रुपये. नाव नाही घेत. धडा टाकायचा, तारीख द्यायची, ते आपोआप सगळं मांडून देतं, आणि एखाद्या दिवशी राहिलं तर पुढच्या दिवसावर ढकलतं. ऐकायला भारी वाटतं ना? आता घरात लग्न निघालं आणि आठ दिवस काही झालं नाही असं समजा. परत उघडलं तेव्हा ६१ लाल खुणा. एकसष्ट! त्यानं मोजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सत्तरच्या घरात. त्याच्यानंतर त्यानं ते अ‍ॅप उघडलंच नाही आणि मी पण सांगितलं नाही, कारण एवढं लाल बघून मलाच धडकी भरत होती. पैसे परत मागितले तर आठ ईमेल झाले, एकाचंही धड उत्तर नाही.

मग गुरुजींच्या क्लासबाहेर थांबलेलो असताना दुसऱ्या एका मुलीच्या आईनं या बाईंचं सांगितलं. विश्रामबागला राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, शिकवणी अजिबात घेत नाहीत. फक्त वेळापत्रक आखून देतात. मला आधी हसूच आलं, वेळापत्रक करून द्यायचे कोणी पैसे घेतं का? पण २,९९९ घालवलेल्या माणसानं कशाला हसावं.

फी वर्षाची १,५००. एकदाच द्यायची. त्यात पहिली आखणी आणि महिन्यातनं एकदा जाऊन दाखवायचं. मध्येच पूर्ण बदलून पाहिजे असेल तर दोनशे वेगळे. वेळ संध्याकाळी चार ते सात, रविवारी बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत, फोन लावला तर चारदा लावल्यावर एकदा उचलतात. घरी येत नाहीत, तुम्हीच जायचं आणि मुलाला घेऊनच जायचं.

पहिल्या दिवशी गेलो तर मला वाटलं आता विचारतील कुठले विषय, किती पुस्तकं. काही नाही. पोराकडं बघून म्हणाल्या, "आठवडाभर काय काय करतोस ते लिहून आण. काय करायला पाहिजे ते नको, काय केलंस ते. खोटं लिहिलंस तर तुझंच टाइमटेबल चुकेल, माझं काय जाणार नाही." मी मध्येच बोलायला गेले की तो तसा सकाळी नियमित उठतो, तर मला म्हणाल्या, "तू जरा गप बस गं. परीक्षा तुझी आहे का त्याची?" आणि मला चहा दिला. मग काय बोलणार.

तर ती आठवड्याची वही. पोरानं खरंच खरं लिहिलं आणि मी ती वाचली तेव्हा मला दोन दिवस त्याच्याशी बोलावंसं वाटलं नव्हतं. "दुपारी १ ते २:३० जेवण, मग आजीबरोबर मालिका." "४ ते ६ पुस्तक उघडं होतं." हे असं लिहिलं होतं, पुस्तक उघडं होतं! "रात्री ११ गणित, उत्तरं मागं बघून." बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, एक शब्द रागावल्या नाहीत. पेन्सिलीनं समासात ठिपके देत गेल्या, खऱ्या अभ्यासाच्या दर अर्ध्या तासाला एक. आठवड्याचे ठिपके मोजले आणि म्हणाल्या, "रोजचा साधारण तीन तास अभ्यास होतोय. चांगला आहे की. त्यातला दोन तास रियाजानंतर होतोय, दुपारी चारनंतर काय होत नाही. मग चारनंतर मांडायचंच कशाला?"

आम्ही पाच तासांच्या वर मांडत होतो. तो तीन तास करत होता आणि उरलेला वेळ आम्ही सगळे मिळून एकमेकांवर चिडत होतो.

इथनं पुढं बाईंचं खरं काम. ज्यांचे आई-वडील शिक्षक असतील त्यांना माहीत असेल, वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन, मग रोजचं टाचण. शाळेत हे सगळं साहेबांना दाखवायला करतात असा माझा समज होता. बाईंनी तेच पोराला करायला लावलं, त्याच्याच हातानं.

सुरुवात आठवडे मोजण्यापासनं. १५ जून ते ३१ मार्च म्हणजे ४१ आठवडे. मी खूश, ४१ म्हणजे भरपूर. बाई म्हणाल्या, आता वजा करायला लाग. पूर, दोन आठवडे. (सांगलीचं माणूस असल्याशिवाय हे सुचणार नाही, कुठल्या अ‍ॅपमध्ये पुराचा रकाना आहे सांगा. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या खालच्या मजल्यावरची पुस्तकं म्हणजे लगदा झालेला. तेव्हापासनं जुलै-ऑगस्टला आमच्याकडं सगळ्यांचं अर्धं लक्ष कोयनेतनं किती सोडलं आणि आयर्विनला किती झालं यातच असतं, चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे इथं पोरांना पाढ्याच्या आधी पाठ होतं.) गणपती एक आठवडा. नवरात्र एक, कारण मिरजेला अंबाबाईच्या देवळात गाण्याचे कार्यक्रम असतात, पोरगा रात्री उशिरा घरी येतो आणि सकाळचा रियाज पार कोलमडतो. दिवाळी एक. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात, त्यानं प्रवेशिका पूर्णचा फॉर्म भरलेला, त्याचे दोन. आजारपण, पाहुणे, लग्नं यांचे दोन. झाले नऊ. राहिले ३२. त्यातले शेवटचे चार उजळणीला. नवीन धड्यांना २८.

"आता गणिताचे धडे किती?" सव्वीस. "मग आठवड्याला एक," मी पटकन बोलले. बाई काही बोलल्या नाहीत, पोराकडं बघितलं. तो म्हणाला, "सगळे धडे सारखे नाहीत, आई. शेकडेवारी मला येते. चौकोन लई मोठा आहे."

मग प्रत्येक धड्याचे तुकडे पाडले. एक तुकडा म्हणजे एका बैठकीत होणारं काम, साधारण चाळीस मिनिटं. येणारा धडा दोन तुकडे, न येणारा पाच. हे त्यानं ठरवायचं, पुस्तक चाळून, आणि पाचही विषयांचं. मराठी, इंग्रजी, गणित, सामाजिक शास्त्र आणि हिंदुस्थानी संगीत. (हो, सायन्स नाही घेतलं. एनआयओएसला पाच विषय लागतात आणि त्यात एक तरी भाषा पाहिजे, बाकी आपल्या आवडीनं. यावर आमच्या नातेवाइकांत अजून बैठका चालू आहेत.) हे तुकडे पाडायचं काम चार संध्याकाळी चाललं. मला वाटतं आमच्या दीड हजारातले हजार तिथंच वसूल झाले, कारण चार दिवसांत त्यानं पाचही विषयांची सगळी पुस्तकं एकदा तरी पहिल्यापासनं शेवटपर्यंत बघितली, जे त्याआधी कधी केलं नव्हतं.

संगीताचं बाईंनी एक छान केलं. रियाज पहिल्या ओळीत लिहिला, विषय म्हणून. आत्तापर्यंत आम्ही रियाज झाल्यावर "चल आता अभ्यासाला बस" म्हणायचो. आणि ताल लिहून दाखवणं, रागांची माहिती, हे गांधर्वच्या परीक्षेला आणि एनआयओएसच्या पेपरला थोडंफार सारखंच लागतं, तर त्या तुकड्यांवर दुहेरी चौकोन काढला, एकदा केलं की दोन्हीकडं भरलं. पोरगा त्यावर जाम खूश. आमच्या पतसंस्थेत एका पावतीवर दोन खाती जमा केली तर ऑडिटला लागतं, इथं चालतं.

कार्ड कसं असतं ते सांगते. मोठं पिवळसर कार्डशीट, कॅलेंडरएवढं. आडव्या ओळी विषयांच्या, उभे रकाने आठवड्यांचे, प्रत्येक घरात बारीक चौकोन, जितके तुकडे तितके चौकोन. झाला तुकडा की चौकोन पेन्सिलीनं भरायचा. पेनला बंदी. अक्षर बाईंचं, आणि ते अक्षर बघून सासूबाई म्हणाल्या की हे फ्रेम करायला पाहिजे. वेळ कुठंच लिहिलेली नाही. दहा ते अकरा गणित, असलं काही नाही. दिवसाचे दोन गठ्ठे, रियाजानंतरचा आणि जेवणानंतरचा. पहिल्या गठ्ठ्यात गणित किंवा इंग्रजी, जे जड आहे ते. दुसऱ्यात बाकीचं. गठ्ठा कधी सुरू करायचा ते त्याच्यावर, फक्त क्रम बदलायचा नाही. गॅसवाला येऊ दे नाहीतर कोण येऊ दे, तो गेला की पुढचा तुकडा.

आणि गुरुवार मोकळा. गुरुवारी त्याचा मिरजेला क्लास असतोच दुपारनंतर, तर बाईंनी सकाळ पण मोकळी ठेवली. आठवड्यात काही राहिलं असेल तर ते गुरुवारी सकाळी. काही राहिलं नसेल तर खरोखर सुट्टी, कोणी काही बोलायचं नाही, आई-बाबांनी तर मुळीच नाही. ही अट बाईंनी आमच्या दोघांकडनं कबूल करून घेतली. पोरानं पहिले तीन गुरुवार राहिलेलं भरण्यात घालवले. चौथ्या गुरुवारी सकाळी नऊला सायकल काढून कृष्णेच्या घाटावर गेला आणि अकराला आला, ते बघून मला अ‍ॅपच्या त्या ६१ खुणा आठवल्या.

राहिलेल्याचा नियम पण लिहून ठेवण्यासारखा आहे. एखादा तुकडा दोन गुरुवार झाले तरी राहिला तर तो पुढं ढकलायचा नाही. तो मोठा आहे असं समजायचं आणि त्याचे दोन करायचे. गणितातल्या रचनांचा धडा त्यानं तीन चौकोनांचा धरला होता, परकार-पट्टी घेऊन बसायचा आणि उठायचा. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी पेन्सिलीनं त्या घरात आणखी दोन चौकोन काढले, म्हणाल्या, "आळस नाही हा, माप चुकलं होतं." पाच चौकोनांत धडा झाला. मी हे बघून माझ्या ऑफिसच्या पेंडिंग फाइलींना पण लावून बघितलं, तिथं नाही चाललं, तिथं आळसच होता.

अजून एक गंमत. गणितात शेकडेवारीनंतर हप्त्यानं खरेदीचा धडा आहे. बाईंनी विचारलं आई काय करते, पतसंस्थेत म्हटल्यावर त्या घरात लिहिलं "आई, शनिवार". मी कर्जाचा एक कोरा फॉर्म आणला, वीस हजाराचा फ्रिज हप्त्यानं घेतला तर शेवटी किती पडतो ते आम्ही दोघांनी काढलं. झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडं फॉर्म भरतात त्यांना हे काढून दाखवता का तुम्ही?" मी म्हटलं पुढचा तुकडा घे.

आता तक्रारी.

एक नंबर, तोच तो स्टार. पहिली आखणी करताना बाईंनी घरी कोण कधी असतं हे विचारलंच नाही. शनिवारी बाबा इंग्रजी वाचून घेणार असं मांडलं. आता नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली की तो दुपारी गायब, नाइट असली की सकाळी झोपलेला. दोन शनिवार फुकट गेल्यावर आम्ही परत गेलो, बाईंनी मग शिफ्टप्रमाणं तीन रंगांचे ठिपके वर लावून दिले, निळा आठवडा, लाल आठवडा, हिरवा आठवडा, काम एकदम व्यवस्थित. आणि दोनशे रुपये घेतले. आता विचारायचं तुमच्याकडनं राहिलं आणि पैसे आमचे? मी बोलले तसं. बाई म्हणाल्या, "सांगायचं तुझ्याकडनं पण राहिलंच की." यावर उत्तर नव्हतं, पण स्टार कापायचा अधिकार मला आहे.

दोन नंबर जरा गंभीर. बाईंची सगळी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, त्यामुळं एनआयओएसचं तंत्र त्यांना सुरुवातीला माहीत नव्हतं. एनआयओएसला टीएमए म्हणजे घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट असतात, त्याला २० टक्के वजन, आणि त्या परीक्षेच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. शिवाय अभ्यासक्रमाचेच दोन भाग केलेत, साधारण ४० टक्के टीएमएसाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. बाईंनी सगळे धडे सरसकट पुस्तकातल्या क्रमानं मांडले होते. म्हणजे टीएमएचे काही धडे फेब्रुवारीत आणि टीएमए द्यायची मुदत त्याआधीच संपलेली, असं झालं असतं. हे ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आलं, मी धड्यांच्या विभागणीची प्रिंट काढून घेऊन गेले. बाईंनी ती शांतपणे वाचली, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे मला येत नव्हतं. बस." आणि सात वाजून गेले तरी उठल्या नाहीत, अख्खं कार्ड नव्यानं केलं, टीएमएचे धडे दिवाळीच्या आधी आणि बाकीचे नंतर. पैसे घेतले नाहीत. ती प्रिंट पण ठेवून घेतली, पुढच्या मुलांना लागेल म्हणून. त्यामुळं आता नवीन जाणाऱ्यांना हा त्रास होऊ नये. पण तरी, तुमचं बोर्ड कुठलं, नियम काय, तारखा काय, हे तुम्हीच घेऊन जा, तेवढ्यासाठी बाईंवर विसंबू नका. १७ नंबरचा फॉर्म भरून स्टेट बोर्डाला बसणार असाल तर त्याचं गणित वेगळं, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचं वेगळं.

बाकी किरकोळ. कार्ड हातात पडायला बारा दिवस लागले. सगळ्यांच्या टाइमटेबलमध्ये शुद्धलेखनाची एक ओळ त्या घालतातच, मागितली नसली तरी. माझ्या पोराला अक्षर सुधारायची गरज होती हे खरं आहे, पण न विचारता म्हणजे काय. पेन्सिलीमुळं फोटो नीट येत नाही, झेरॉक्स तर पांढरीच येते. शेवटी पोरानं स्वतःच ते सगळं गूगल शीटमध्ये उतरवून घेतलं, म्हणजे मला ऑफिसमधनं दिसतं किती चौकोन भरले. हे बाईंना सांगितलेलं नाही. कारण महिन्याला दाखवायला जातो तेव्हा त्या कार्डच बघतात, कुठं खोडलंय, कुठं दाबून भरलंय ते बघतात. एकदा एका ओळीतले सगळे चौकोन एकसारखे भरलेले बघून म्हणाल्या, "हे एकाच दिवशी भरलेत." भरले होतेच, आदल्या रात्री.

कोणाला उपयोग नाही ते पण सांगते. मुलगा लहान असेल, दुसरी-तिसरीतला, तर बाई घेतच नाहीत, खेळू दे म्हणतात आणि चहा पाजून परत पाठवतात. जेईई-नीटवाल्यांना पण नाही. कोणीतरी रोज पोराच्या मागं लागून करून घेईल अशी अपेक्षा असेल तर ते पण नाही, त्या महिन्यातनं एकदाच बघतात. आणि आई-बापांना स्वतः बोलायची हौस असेल तर फार त्रास होईल.

सध्याची स्थिती अशी. पुराचे दोन आठवडे यंदा लागले नाहीत, पाणी आमच्यापर्यंत आलं नाही, पण चार दिवस सामान वर-खाली करण्यात गेलेच, त्यामुळं दहा दिवस हातात जास्तीचे मिळाले, ते त्यानं इंग्रजीला दिले. टीएमए वेळेत गेल्या. प्रवेशिका पूर्णची परीक्षा झाली. आज फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्याच्या रकान्यात गणिताचे दोन चौकोन रिकामे आहेत आणि सामाजिक शास्त्राचे चार, ते त्याला आवडत नाही, त्याला इलाज बाईंकडं पण नाही. पेपर एप्रिलला, निकालाचं तेव्हा बघू, हा रिव्ह्यू मार्कांचा नाही.

आधीच्या माझ्या कमेंटवर तिघींनी पत्ता विचारला होता. इथं देत नाही, बाईंना आवडणार नाही, मला मेसेज करा. जाताना वही मात्र भरून न्या, पूर्ण आठवड्याची, खरी. आमच्या पुढं एकजण मुलाला घेऊन आलेले, वहीत सात दिवस सकाळी पाचला उठणं आणि सहा-सहा तास अभ्यास, सगळं एकाच पेनानं, आणि अक्षर वडिलांचं. बाईंनी दारातच वही परत दिली.